उधारीची वही : लालबागच्या एका खानावळीचं प्रकरण

18 जानेवारी 1982, सोमवार. माझ्या आजीच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘वांगी 2 किलो, रॉकेल 5 लिटर, खाडा दोन.’ संपाचं नावही नाही. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवशी कामावर गेले नाहीत. आजीच्या लेखी मात्र त्या दिवशी दोघंजण जेवायला आले नव्हते आणि तेवढे पैसे महिन्याच्या हिशेबातून वळते करायचे होते. खाडा म्हणजे तेच, न जेवलेल्या वेळेची वजावट.

आजी गेल्यावर ही वही माझ्याकडे आली. मी मुंबईतल्या बचत गटांच्या बायकांना हिशेब ठेवायला शिकवते. गोवंडी, धारावी, भांडुप असं फिरणं असतं. जानेवारी ते दिवाळी 1982 ही या वहीतली पानं मी गेली काही वर्षं त्यांच्यापुढे एक प्रकरण म्हणून ठेवत आले. बाईच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात. ती चिकाटी रोजच्या रोज काय करत होती, कशाला हो म्हणत होती, कशाला नाही, आणि तिचा खर्च कुठल्या खात्यावर पडत होता, हे सहसा कोणी विचारत नाही. वहीत ते सगळं आहे. जे नाही, तेही या प्रकरणाचाच भाग आहे. त्याकडे पुढे येते.

आधी खानावळ कशी चालायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचे आकडे नुसते आकडे राहतील.

भारतमाता सिनेमाच्या मागच्या बाजूला आमची चाळ. खोली दहा बाय बारा, वर पोटमाळा, एका कोपऱ्यात मोरी. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. तेवढ्या पगारात पाच माणसांचं भागत नव्हतं म्हणून आजीनं खानावळ घातली. गिरणगावात अशा खानावळी गल्लोगल्ली होत्या. पाटण, शिराळा, रत्नागिरी इकडून आलेली पुरुषमाणसं गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायची. बायकामुलं गावी, जेवायला अशी एखादी मावशी. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणायचे. दोन वेळचं जेवण, पैसे पगाराला. वाणी महिनाभर उधार द्यायचा, मावशी महिनाभर उधार जेवू घालायची आणि पगाराच्या दिवशी ही साखळी एकदाची सुटायची. त्या उधारीवर व्याज चढायचं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते नेमकं या व्याजातून त्यांना बाहेर काढण्यासाठी. आजीनंही तशाच गटातून कर्ज घेतलं होतं. दर महिन्याचा हप्ता वहीत ठळक अक्षरात आहे. एकीनं बुडवलं तर गटातल्या बाकीच्यांची अडचण, म्हणून.

जानेवारीत मेंबर 21. त्यातले 18 गिरणीतले. उरलेल्या तिघांत एक बेस्टच्या डेपोत, एक भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाल, एक परळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय. ताटाचे महिन्याला 130 रुपये. म्हणजे सगळ्यांनी दिले तर 2,730. वाणी, भाजी, मासळी, रॉकेल मिळून 2,150 च्या आसपास जायचे. उरलेल्या 580 मधून हप्ता आणि घर. तांदळाचा भाव किलोमागे चार आण्यांनी चढला तरी या 580 ला धक्का बसायचा. एवढ्याशा जागेवर ती उभी होती.

फेब्रुवारीत जानेवारीचे पैसे बहुतेकांनी दिले, कारण संपाआधीच्या दिवसांचा पगार हातात आला होता. सातजण गावी गेले. राहिलेल्या 11 जणांचा पगार बंद, आजोबांचाही बंद. सगळ्यांची समजूत एकच, महिना, फार तर दोन महिने. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे कामगार किती विश्वासानं गेले होते हे त्या काळात लालबाग-परळला राहिलेल्या कुणालाही विचारावं. आपण हरू असं कोणी बोलत नव्हतं, आणि जे बोलत नव्हते त्यांना रोज दोन वेळा जेवायचं होतं.

गटातल्या बायकांना मी इथे थांबवते. वही बंद करते आणि विचारते, तुम्ही काय कराल?

उत्तरं दर वेळी तीनच प्रकारची येतात. बंद करा, नुकसान वाढवू नका. रोख देईल त्यालाच जेवण द्या. नाहीतर चालू ठेवा, माणसं आपली आहेत, आज ना उद्या देतील. तिसरं उत्तर देणाऱ्या बायका जास्त असतात आणि तेच उत्तर आजीनंही आधी दिलं. माझ्या मते ती तिची पहिली मोठी चूक होती.

मार्चच्या पानावर ‘पाटल्या 2, 1,100’ अशी नोंद आहे. दोन्ही पाटल्या गहाण. त्या महिन्यात ताटात काहीही कमी झालं नाही. डाळ, भाजी, चार चपात्या, भात, बुधवारी आणि रविवारी बोंबील किंवा बांगडा. संप चालू आहे हे ताटावरून कळू नये असा तिचा हट्ट होता. मेंबर जेवायला येतील तेव्हा त्यांना खाली बघावं लागू नये. तिच्या मनातली माया मला समजते. पण त्या मायेत मानही होता, आपल्या खानावळीचं नाव जाऊ नये हा. पाटल्यांचे पैसे पाच आठवड्यांत संपले. म्हातारपणी तिनंच मला सांगितलं, “तो महिना माझा वाया गेला. ताट भरलेलं ठेवलं आणि मी रिकामी झाले.” लोक तिच्या धीराचं उदाहरण म्हणून हाच पाटल्यांचा किस्सा सांगायचे. तिला ते आवडत नसे.

एप्रिलअखेर : 11 मेंबर, तीन महिने, 130 प्रमाणे थकबाकी 4,290. वाण्याचे देणे 1,300. हातात येणारी रोकड तिघांची, 390. बँकेचे दोन हप्ते चुकले होते.

अडचणी माणसाला घडवतात असं आपण सहज म्हणून जातो. मला तसं म्हणवत नाही. त्याच चाळीत, त्याच अडचणींनी माणसं मोडलेली आमच्या घरच्यांनी पाहिली. कोणी दारूला लागलं, कोणी गावी जाऊन परत आलंच नाही. दोन दारं सोडून राहणाऱ्या दुसऱ्या खानावळवालीनं मार्चमध्येच भांडी विकली, आणि ती आजीपेक्षा काही कमी कष्टाळू नव्हती. अडचण सगळ्यांवर सारखीच येते. फरक पडतो तो त्या अडचणीत एखाद्या संध्याकाळी आपण काय करतो, कुणाला विचारतो, काय कबूल करतो, यानं. आजीची ती संध्याकाळ 1 मेची.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं अकराही जणांना थांबवलं आणि वही मधोमध उघडी ठेवली. तोवर मेंबरला फक्त आपलं पान माहीत असायचं. दुसऱ्याचं बघायचं नाही हा खानावळीचा रिवाज. तिनं सगळी पानं दाखवली, वाण्याचंही, गहाणाचंही. वॉर्डबॉय तिथं होता. तो पुढे बरीच वर्षं आमच्याकडे यायचा, त्याच्याकडून मी हे ऐकलं. तो सांगायचा की पाटल्यांचं पान आलं तेव्हा कोणी काही बोललंच नाही, एकानं नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. ताट उद्यापासून अर्धं. डाळ किंवा भाजी, दोन्ही नाही, मासळी नाही. ज्यांची गावी जमीन आहे त्यांनी पेरणीच्या आत गावी जावं, एस.टी.च्या भाड्याला पैसे नसतील तर ती देईल, पण तेही वहीत लिहिलं जाईल. आणि जे राहतील त्यांनी काम करायचं. रॉकेलच्या रांगेत उभं राहणं, धान्य निवडणं, नळावरून पाणी, भांडी. त्या कामाचे पैसे ताटातून वजा.

चौघं गेले. त्यातल्या तिघांचं भाडं तिनं दिलं. सात राहिले.

या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘वजा’ हे खातं. मे महिन्याच्या पानांवर अशा नोंदी आहेत : ‘पाणी भरले, वजा 1.’ ‘तांदूळ निवडले, वजा 2.’ ‘रॉकेल रांग 3 तास, वजा 2.’ गिरणीत दहा-दहा वर्षं साचे चालवलेली माणसं तांदूळ निवडत होती. ती मान खाली घालून जेवत नव्हती, कारण त्यांच्या कामाची नोंद होत होती. तिनं उधारीचं दान होऊ दिलं नाही आणि त्यांची मदत फुकट घेतली नाही. पाटल्या गहाण ठेवून मार्चमध्ये जो मान ती जपू पाहत होती, तो मे महिन्यात दोन रुपयांच्या नोंदीनं जपला गेला. संपाबद्दल बोलताना सभा आणि मोर्चे आठवतात. तो इतके दिवस टिकला त्यात गिरणगावातल्या या बायकांच्या उधारीचा मोठा वाटा होता, आणि ती उधारी अशी रुपया-दोन रुपयांनी चालवलेली होती.

तरी आकडे जुळत नव्हतेच. अर्ध्या ताटानं तोटा कमी झाला, थांबला नाही. वाट निघाली ती वॉर्डबॉयच्या बोलण्यातून. टाटा हॉस्पिटल आणि के.ई.एम. आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर. बाहेरगावाहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक तिथं फुटपाथवर, झाडाखाली, व्हरांड्यात पडून असायचे, आजही असतात. हॉटेलचं परवडत नाही, आणि घरून आलेल्या माणसाला परक्या शहरात भाकरीची आठवण फार होते. तो म्हणाला, “मावशी, तुमचं गिऱ्हाईक तिकडं बसलंय.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊ ताटांचं जेवण गेलं. आमटी-भात, एक भाजी, दोन भाकऱ्या, ताटाला तीन रुपये रोख. नऊतली सहा विकली गेली. दुसऱ्या दिवशी आठ. गिरणीचा मेंबर महिन्यानं पैसे देणारा, हा माणूस आज आहे आणि उद्या पेशंटला घेऊन गावी. उधारी शक्यच नव्हती, आणि तेच आजीला हवं होतं. ज्या धंद्यात ती मुरलेली होती त्याचा पायाच पगाराची वाट बघण्याचा होता. तो तिनं चार महिन्यांत बदलला. चिकाटी म्हणजे एकच दार ठोठावत बसणं असं मानणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ती धरून राहिली ती दोनच गोष्टींना : वही खरी ठेवायची आणि चूल रोज पेटवायची. बाकी सगळं, मेंबर, ताट, दर, वेळ, तिनं बदलू दिलं.

18 ऑगस्टच्या पानावर ‘22 ताटं, नुकसान’ एवढंच आहे. त्या दिवशी मुंबईतल्या पोलिसांचंच आंदोलन पेटलं, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं, संचारबंदी लागली. बावीस जणांचा भात शिजून तयार आणि रस्त्यावर पाय ठेवायची सोय नाही. चाळीतल्या पोरांनी तो खाल्ला. 19 तारखेचं पान कोरं आहे, वीस तारखेला पुन्हा ‘तांदूळ, मसूर, कांदे’.

दिवाळीपर्यंत ताटं 31 झाली. वाण्याचं देणं फिटलं, हप्ते सुरू झाले. एक पाटली 1984 मध्ये सुटली. दुसरी नाही सुटली.

आजोबांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही. पहिले चार-पाच महिने ते घरात नसायचेच. सकाळी गेटवर, दुपारी मंडळात. जुलैत एके दिवशी ते आजीशेजारी बसले आणि कांदे चिरायला लागले. आजीनं पाट पुढे सरकवला, बोलली काहीच नाही. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो विरत गेला. त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांचं नाव घेतलं गेलं नाही. शेवटपर्यंत ते कांदे चिरत राहिले. 2012 च्या जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, 6,925 घरांची. त्यांच्या नावाचा अर्ज आम्ही भरला होता. तो अजून अर्जच आहे.

थकबाकीचं काय झालं हे बायका हमखास विचारतात. 1986 पर्यंत 1,760 रुपये परत आल्याच्या नोंदी आहेत, बहुतेक मनीऑर्डरनं, वीस-वीस, तीस-तीस. पाटणच्या एका मेंबरानं एकदा पैशांऐवजी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पाठवलं, तेही भाव लावून वजा केलंय. उरलेले आले नाहीत. तिनं एकाही नावावर काट मारली नाही आणि कोणाकडे मागायलाही गेली नाही. “त्यांच्याकडे असते तर दिले असते,” एवढंच तिचं म्हणणं. हा शहाणपणा की भाबडेपणा, यावर गटांमध्ये दर वेळी वाद होतो. वसुली तिनं करायला हवी होती असं मला वाटतं. तिला तसं वाटलं नाही, आणि वही तिची होती.

आता जे वहीत नाही त्याबद्दल.

दोनेक वर्षांपूर्वी भांडुपच्या एका गटात मी हे सगळं सांगून झाल्यावर एका बाईनं हात वर केला. पन्नाशीच्या, घरकाम करणाऱ्या. म्हणाल्या, “ताई, हॉस्पिटलात जेवण घेऊन कोण जायचं?”

मी म्हणाले, माझी आत्या. तेरा वर्षांची होती.

“मग तिची शाळा?”

जून 1982 च्या पानावर वह्या-पुस्तकांचा खर्च एकाच मुलाच्या नावानं आहे, माझ्या बाबांच्या. आत्या सातवी पास झाली होती. आठवीचा वर्ग दुपारचा आणि हॉस्पिटलातलं जेवण बाराला पोचायला हवं. डोक्यावर पाटी, हातात आमटीची बरणी, परत येऊन भांडी, संध्याकाळी पुन्हा तेच. मी ती वही कितीदा वाचली होती. पाणी भरणाऱ्या मेंबरचा रुपया लिहिलेला आहे, तांदूळ निवडणाऱ्याचे दोन रुपये लिहिलेले आहेत. रोज दोन खेपा करणाऱ्या मुलीची एकही नोंद नाही. माझ्या आजीनं, जी कुणाचंच काम फुकट घेत नव्हती, तिनं ते घेतलं. आणि हे शोधून काढायला मला भांडुपच्या त्या बाईंचा प्रश्न लागला.

त्यांनी पुढे विचारलं, “पोरीलाच का काढलं? पोराला का नाही?” खोलीतल्या बाकीच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडेही नाही. त्यातल्या काहींनी आपल्या मुलींच्या बाबतीत हेच ठरवलेलं असणार, काहींच्या बाबतीत कुणीतरी ठरवलं असणार. मी उत्तर दिलं नाही. माझं स्वतःचं शिक्षण त्याच शाळेच्या खर्चावर उभं आहे जो बाबांच्या नावानं लिहिला गेला.

तेव्हापासून मी हे प्रकरण वेगळ्या तऱ्हेनं मांडते. वही बंद करून ‘तुम्ही काय कराल’ विचारण्याआधी प्रत्येकीला आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहायला सांगते, लहान मुलांसकट, आणि प्रत्येक नावापुढे त्याचं रोजचं काम आणि त्याचे पैसे. आजीचा कणखरपणा मला आजही खरा वाटतो. पण तो एकटीचा नव्हता, आणि त्यातला मोठा वाटा ज्या मुलीनं उचलला तिला कोणी विचारलं नव्हतं. घरात कुणी एक टिकून राहिलं असं आपण सांगतो तेव्हा कुणाच्या जिवावर, हे सांगायला हवं. तसं सांगितल्यानं आजी माझ्या मनात लहान होत नाही.

हे लिखाण पुरं झाल्यावर मी आत्याला वाचून दाखवलं. ती आता घाटकोपरला असते. मध्ये एकदाही थांबवलं नाही तिनं. दिवाळीच्या हिशेबाशी मी एका वाक्यात लिहिलं होतं की 31 ताटांना रोज साडेतीन किलो तांदूळ लागत असणार. वहीत आकडा पुसट झालाय, म्हणून मी अंदाज केला होता. तिथं तिनं हात वर केला.

“साडेतीन नाही गं. चार. मी मोजायचे.”

ते वाक्य मी काढलं, आणि पेन्सिल घेऊन वहीच्या त्या पानावर, पुसट आकड्याशेजारी, चार लिहिलं. पुढे तिचं नाव लिहिलं. तिनं चष्मा लावून ते वाचलं, मग वहीचं पान उलटलं आणि मागची पानं बघायला लागली.